आई म्हणते बाबांच्या अंगाचा वास बदललाय, हे मनावर घ्यायचं का?

हरिपूरकर_०५

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण कुणाला विचारावं कळेना म्हणून इथं टाकतोय. आम्ही सांगलीजवळ हरिपूरचे. बाबा ६१ वर्षांचे, सगळं आयुष्य हळदीच्या धंद्यात गेलं, अजून रोज मार्केट यार्डात जातात. गेलं वर्षभर आई म्हणतीय की ह्यांच्या अंगाला असा वास आधी नव्हता. घामाचा नाही म्हणते, अंघोळ केली तरी जात नाही, उशीच्या अभ्र्याला आणि बनियनला मानेच्या मागं जास्त येतो. कसा म्हणून विचारलं तर "पेटीत ठेवलेल्या जुन्या गोधडीसारखा, आणि जरा तेलकट" असं सांगते. मला येत नाही, बायकोला पण येत नाही, बाबा तर विषय काढला की उठून जातात. आम्ही सगळ्यांनी मिळून हळदीचाच वास असेल म्हणून तिला गप्प बसवलं.

पण आईचं नाक साधं नाही हो. आजोबा होते तेव्हा पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली हळद वर काढली की मूठभर हुंगून ती सांगायची ओल लागलीय का नाही (२००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, आता ते राहिलं नाही). हळदीच्या घरात ३८ वर्षं काढलेल्या बाईला हळदीचा वास ओळखता येणार नाही का, हे मला परवा रात्री सुचलं आणि मग झोपच लागली नाही. त्यात मोबाईलवर स्कॉटलंडच्या जॉय मिल्न नावाच्या नर्सबाईंचं वाचलं, नवऱ्याला पार्किन्सन्स हा मेंदूचा आजार आहे हे कळायच्या साधारण १२ वर्षं आधी त्यांना त्याच्या अंगाचा वास बदललेला जाणवला होता. असा वास पकडून तपासून देणारं मशीन आपल्याकडं कुठं आहे का? पुण्याला जायची तयारी आहे.

लॅबवाला_तासगाव

मी द्राक्षाच्या रेसिड्यू लॅबमध्ये आहे, एक्स्पोर्टच्या मालात औषधाचे अंश किती ते बघायचं काम. ज्या मशीनवर आम्ही द्राक्षं तपासतो, जीसी-एमएस, त्याच जातीच्या मशीनवर माणसाचा वास पण तपासतात, त्यामुळं थोडं सांगू शकतो.

वास म्हणजे उडून जाणारे बारीक रेणू. ते पकडायला स्वच्छ सुती कापड अंगावर ठेवतात नाहीतर मागच्या बाजूला मानेखाली पुसून घेतात, मग कापड काचेच्या बंद बाटलीत ठेवून हलकं गरम करतात आणि वर जमलेली हवा ओढून घेतात. ही हवा एका लांबलचक बारीक नळीतून जाते, हलके रेणू आधी बाहेर पडतात, जड मागनं, आणि शेवटी प्रत्येकाचे तुकडे करून वजनावरून ओळख पटवतात. लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये नुसत्या श्वासात २५० च्या आसपास पदार्थ दाखवले होते, २०१४ पर्यंत निरोगी माणसाच्या श्वास, घाम, लघवी वगैरे सगळं मिळून १८४० ची यादी झाली. एवढ्या गर्दीतनं आजाराचे चार-पाच शोधायचे, आणि साबण, डोक्याचं तेल, काल खाल्लेला लसूण हे सगळं त्याच गर्दीत. तुमच्या बाबांचा नमुना घेतला तर मशीनच्या आलेखावर हळदीतल्या टर्मेरोन या वासाच्या पदार्थाचीच शिखरं आधी दिसतील बघा.

जॉयबाईंचं खरं आहे. एडिंबरोच्या टिलो कुनाथ या संशोधकांनी त्यांना हुंगायला १२ टी-शर्ट दिले होते, ६ रुग्णांचे ६ निरोगींचे. सहाच्या सहा बरोबर ओळखले आणि निरोगींमधला एक शर्ट पण रुग्णाचा म्हणल्या, ती चूक धरली गेली, आणि साधारण ८ महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन्सच निघाला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ काम सोडून बसलो होतो. नंतर मॅन्चेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांच्या टीमनी पाठीवरचा सीबम म्हणजे त्वचेचा तेलकटपणा तपासला, २०२२ च्या कामात ७९ रुग्ण आणि ७१ निरोगी होते, आणि मशीनवरचं काम ३ मिनिटांचं. पण हे अजून संशोधनच आहे, चिठ्ठी दाखवून करून घ्यायची टेस्ट नाही. कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणालं तर देऊ नका.

एक मात्र लक्षात घ्या, तुमच्या आईंनी "तेलकट" हा शब्द स्वतःहून वापरलाय आणि मानेच्या मागं म्हणल्यात. तो सीबमचाच भाग.

सिस्टर_मिरज

दादा, २२ वर्षं वॉर्डात काढली, वासाला हलकं घेऊ नका. शुगर फार वाढून कीटोन झाले की पेशंटच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, आम्ही तिघी ड्युटीवर असायचो त्यातल्या एकीला तो कधीच यायचा नाही, म्हणजे तुम्हाला येत नाही म्हणून नाहीच असं होत नाही. किडनी फेल असेल तर अमोनियासारखा, लघवीचा. लिव्हर गेलेल्याला एक गोडसर कुबट वास असतो, तो एकदा नाकात बसला की बसला.

म्हणून आधी मशीन शोधायला पुण्याला पळू नका. उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हर फंक्शन, हे सांगलीतच करून घ्या. आणि घरात गुपचूप तीन गोष्टी बघा. बाबांना स्वतःला वास येतो का, हिंगाची डबी उघडून लांबूनच विचारा. झोपेत हातपाय झाडतात का, ओरडतात का, हे आईंना विचारा. आणि अक्षर बारीक होत चाललंय का. पार्किन्सन्समध्ये हात थरथरायच्या कितीतरी आधी यातलं काही ना काही सुरू झालेलं असू शकतं. प्रत्येकाला होतंच असं नाही, आणि यातलं एखादं दुसऱ्या कारणानं पण होतं, म्हणून घाबरून जाऊ नका, फक्त बघा.

मानसी_कराड

थोडं वेगळं बोलते. आजार सोडा, मनाचं पण वासात उतरतं. काखेत ज्या वेगळ्या घामग्रंथी असतात त्या उन्हापेक्षा भीती आणि ताणाला जास्त जागतात, आणि त्या घामाला सुरुवातीला जवळजवळ वास नसतो, त्वचेवरचे जिवाणू तो खाऊन वास तयार करतात. माझी मुलगी दहावीला होती तेव्हा पेपरवरनं आल्यावर तिच्या युनिफॉर्मचा वास खेळून आलेल्या दिवसापेक्षा वेगळा असायचा, मी बोलून दाखवलं नाही पण मला कळायचं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ मध्ये ३६ जणांना अवघड तोंडी हिशेब घालून आधीचा आणि नंतरचा घाम-श्वास कुत्र्यांना हुंगायला दिला, त्यांनी ९३.७५ टक्के वेळा ताणाचा नमुना बरोबर काढला. जर्मनीत माइन्झला तर थिएटरमधली हवाच मोजली, थरारक सीन आला की सगळ्यांच्या श्वासातला आयसोप्रीन नावाचा पदार्थ वाढायचा, कारण अंग आखडतं. पण त्यावरनं हा माणूस दुःखी आणि हा रागावलेला असं मशीन सांगेल यावर माझा तरी विश्वास नाही. आणि सांगितलं तरी ऑफिसात, इंटरव्ह्यूला कुणी आपल्याला न विचारता आपली भीती हुंगून घ्यावी हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून विचारते, बाबांना धंद्याचं काही टेन्शन? ते पण बघा.

वैद्य_साताराकर

चरकसंहितेत इंद्रियस्थानाचा दुसरा अध्यायच या विषयाचा आहे, पुष्पितक. अंगाला रात्रंदिवस नाना फुलांसारखा वास येऊ लागला तर तो अरिष्ट म्हणजे गंभीर लक्षण धरलाय. त्यावरनं आज निदान करा असं म्हणत नाही, पण वास बदलणं ही नोंद घ्यायची गोष्ट हे आपल्याकडं जुनं आहे. सिस्टर म्हणतात त्या तपासण्या करा, त्यात आमचं दुमत नाही.

हरिपूरकर_०५

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आले, शुगर, क्रिएटिनिन, लिव्हर सगळं नॉर्मल. हिंगाची डबी नाकाजवळ नेली तरी बाबा म्हणाले "रिकामी हाय काय?" आई म्हणाली झोपेत लाथा मारतात, दोन वर्षं झाली, तिनं सांगितलंच नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं. मग मी माळ्यावरच्या रोजमेळाच्या वह्या काढल्या, चार वर्षांपूर्वीची आणि आत्ताची शेजारी ठेवली. चार वर्षांपूर्वी एका पानावर २० ओळी बसायच्या, आता ३० बसतात, आणि ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढं होतं. रोज ती वही माझ्यासमोर असते हो.

बाबांना वह्या दाखवल्या तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण गुरुवारी मिरजेला न्यूरॉलॉजिस्टकडं यायला तयार झाले. आई विचारतीय बनियन बरोबर घ्यायची का.

लॅबवाला_तासगाव

बनियनवरनं तिथं काही करता येणार नाही. पण वास कधीपासून येतोय, कुठल्या सणाच्या आसपास पहिल्यांदा जाणवला, हे आईंना आठवून कागदावर लिहायला सांगा.

सिस्टर_मिरज

दोन्ही वह्या न्या. आणि डॉक्टरांपुढं आईंना बोलू द्या, त्यांना बाहेर बाकावर बसवू नका.