‘गुन्जो’ आणि ‘कानोजो’ : खुनाचे ऋण प्रेमाने फिटते का?

शाईपेन (धागालेखिका)

नाकामुरा चिंग यांची ‘गुन्जो’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००७ मध्ये कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘मॉर्निंग टू’ या नियतकालिकात सुरू झाली, पुढे शोगाकुकान या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेच्या ‘इक्की’त गेली आणि २०१२ मध्ये तीन जाडजूड खंडांत पूर्ण झाली. तिच्यावर आधारलेला र्‍यूइची हिरोकी यांचा ‘कानोजो’ हा चित्रपट १५ एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला; जपानबाहेर तो ‘राइड ऑर डाय’ या नावाने ओळखला जातो. चित्रपट पाहून मांगेकडे वळणाऱ्यांना आणि मांगा वाचून चित्रपट पाहणाऱ्यांना एकच कथा भेटते असे सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही.

कथा थोडक्यात अशी. एक बाई नवऱ्याच्या मारहाणीने पार खचली आहे. शाळेत असल्यापासून आपल्यावर जीव टाकणारी एक मैत्रीण आहे हे तिला ठाऊक आहे, आणि त्याच प्रेमाच्या बळावर ती तिच्याकडून नवऱ्याचा खून करवते. मग दोघी पळत सुटतात.

मांगेत या दोघींच्या मधोमध सतत एक ऋण उभे असते. खून करणारीचे प्रेम खरे आहे, यात शंका नाही. पण ‘मी तुझ्यासाठी माणूस मारला’ हे वाक्य तिने उच्चारले नाही तरी त्या प्रेमाच्या प्रत्येक शब्दात ते येऊन बसते, आणि जिच्यासाठी खून झाला तिला स्त्रीचे असे प्रेम नकोसे वाटत असले तरी ‘नको’ म्हणण्याचा तिचा अधिकार त्या रक्ताने हिरावून घेतला आहे. म्हणून त्या भांडतात, एकमेकींना लागेल असे बोलतात, हात उगारतात. पानेच्या पाने संवाद चालतो. कित्येकांना तो पाल्हाळ वाटतो. मला तो या कृतीचा प्राण वाटतो, कारण ज्या नात्यात सरळ काही मागता येत नाही आणि सरळ काही नाकारता येत नाही, तिथे माणसे असेच आडून आडून आणि अखंड बोलत राहतात.

चित्रपट मात्र शय्येवर सुरू होतो आणि जवळजवळ शय्येवरच संपतो. आरंभी रे, म्हणजे खून करणारी मैत्रीण, नानाएच्या नवऱ्याला भुलवून त्याच्याबरोबर झोपते आणि त्याच वेळी त्याचा गळा चिरते. अखेरीस रे आणि नानाए एकमेकींच्या मिठीत येतात. पहिल्या प्रसंगातले देणे शेवटच्या प्रसंगात चुकते झाले, अशी ही रचना आहे. मांगेने जे देणे कधी फिटणार नाही असे दाखवले, ते चित्रपटाने फेडून टाकले. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मुळावरच आहे.

उत्तरा

आपला आक्षेप मी दोनदा वाचला आणि तरीही चित्रपटाच्या बाजूने उभे राहावेसे वाटते. ऋणाचा विषय चित्रपटाने सोडला, असे आपण म्हणता. माझ्या मते त्याने तो खुनाच्याही मागे नेला. शाळेतली नानाए धावपटू आहे, गरीब आहे आणि बूट चोरताना पकडली जाते. तिथे श्रीमंत घरची रे मध्ये पडते, आणि पुढे तिच्या शिक्षणाच्या पैशांचीही सोय करते. म्हणजे रेने नानाएला पहिल्यांदा मिंधे केले ते खुनाच्या दहा वर्षे आधी. ज्या मुलीला आधी मैत्रिणीच्या पैशाने आणि मग नवऱ्याच्या पैशाने बांधून ठेवले, तिने शेवटी कोणी न मागता स्वतःहून जवळ येणे याला आपण परतफेड म्हणता. मला ती तिच्या आयुष्यातली पहिली गोष्ट वाटते जी तिने कोणाचेही देणे लागत नसताना केली.

शिवाय मांगेतल्या दोघींना नावे नाहीत. कागदावर ते प्रभावी ठरते, हे मान्य. पण नाव नसलेली स्त्री हळूहळू सिद्धान्त होऊन जाते. होनामी सातो यांनी साकारलेली नानाए सिद्धान्त नाही. ती अंगावरचे वळ दाखवते तेव्हा तिचा चेहरा जवळपास कोरा असतो, आणि मार खाणाऱ्या बाईचा तो कोरेपणा मी माझ्या एका नातेवाईक स्त्रीच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे. मांगेतल्या शंभर संवादांनी मला जे कळले नसते ते त्या एका दृश्याने कळले. १४२ मिनिटांची लांबी अनेकांना जाचली. मला त्यातली शांतताच मोलाची वाटली.

रानजाई

मी स्वतः लेस्बियन आहे, त्यामुळे या विषयाकडे मला तिऱ्हाइताच्या नजरेने पाहता येत नाही, आणि तसे पाहावे असेही वाटत नाही.

उत्तराताई, शेवटच्या प्रसंगाविषयी आपण म्हणता ते मला पटू शकेल. पण पहिल्या प्रसंगाचे काय? हिरोकी यांची कारकीर्द १९८०च्या दशकात ‘पिंक’ चित्रपटांतून, म्हणजे जपानमधल्या कमी खर्चाच्या कामुक चित्रपटांतून सुरू झाली. एवढ्यावरून कोणाला दोषी धरणे योग्य नाही. या चित्रपटासाठी प्रणयदृश्यांची समन्वयक नेमली होती, जी त्या वेळी जपानी चित्रसृष्टीत अगदी नवी गोष्ट होती, हेही मला माहीत आहे. अभिनेत्रींची काळजी घेतली गेली असेल तर त्याचे मोल मोठेच आहे. पण चित्रीकरणात कोणाला त्रास न होणे वेगळे आणि तयार झालेले दृश्य कोणाच्या नजरेने पाहते हे वेगळे. जी स्त्री पुरुषांवर प्रेमच करत नाही तिची ओळख प्रेक्षकाला पहिल्यांदा होते ती पुरुषाबरोबरच्या, विस्ताराने दाखवलेल्या संभोगातून. खून तिला दुसऱ्या कोणत्याही रीतीने करता आला असता. ती शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आहे, हत्यार तिच्या हातातलेच आहे.

मांगेवर माझा विश्वास अधिक आहे, आणि त्याचे एक कारण लेखिका आहे. नाकामुरा यांनी पुढे दोन आयांच्या घराविषयी आपल्या संसारावर आधारलेली चित्रकथाही लिहिली. आतल्या माणसाने अंधार दाखवला की तो अंधार आपल्या प्रेमावर फासलेले काळे राहत नाही. त्यात आपल्याला आपल्या घरातलेच कोपरे ओळखू येतात.

आणि ज्या व्यक्तीविषयी या धाग्यात अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही, तिच्याविषयी लिहायलाच हवे. रे जिला मागे टाकून जाते ती मिका. चित्रपटात ही भूमिका योको माकी यांनी केली आहे. रे आणि मिका यांचा संसार आहे, आणि जपानच्या कायद्याला तो दिसत नाही. समलिंगी विवाहाला मान्यता न देणे संविधानाशी विसंगत आहे असा निकाल साप्पोरो जिल्हा न्यायालयाने दिला तो १७ मार्च २०२१ रोजी, म्हणजे चित्रपट येण्याच्या महिनाभर आधी. त्या निकालाने कायदा काही बदलला नाही. नवऱ्याचा खून झाला की ती बायको विधवा ठरते. जोडीदार खून करून निघून गेली तर मिका कोण ठरते? या कथेतला खरा अन्याय मला तिथे दिसतो, आणि चित्रपट त्याच्यापाशी फार थोडा वेळ थांबतो.

अनुवादिनी

पुण्यात काही वर्षे जपानी शिकले, त्या आधारावर शीर्षकांविषयी लिहिते.

‘गुन्जो’ म्हणजे गडद, जांभळटाकडे झुकणारी निळाई. लेखिकेने ‘गुन्’ हे अक्षर आजच्या रूढ वळणाने न लिहिता ‘羣’ या जुन्या वळणाने लिहिले आहे. शब्द ओळखीचा, पण डोळा अडखळतो. ‘कानोजो’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : ‘ती’ हे सर्वनाम, आणि ‘प्रेयसी’. वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भाने ठरते. आपल्याकडेही ‘माझी ती’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याला काय ते कळते. त्यामुळे उत्तराताईंनी मांडलेला नावांचा मुद्दा मला थोडा उलटा दिसतो. मांगेने दोघींना नावे दिली नाहीत. चित्रपटाने नावे दिली आणि शीर्षकात मात्र सर्वनाम ठेवले, जे दोघींपैकी कोणालाही लागू पडते आणि ‘ती तिची प्रेयसी आहे का’ हा प्रश्न उघडाच ठेवते. ‘राइड ऑर डाय’ या इंग्रजी नावाने तो प्रश्न मिटवला, कारण त्यात मरेपर्यंत साथ देण्याची शपथ आधीच घेतलेली आहे. शाईपेन यांचा आक्षेप जपानी चित्रपटापेक्षा त्याच्या इंग्रजी नावाला अधिक लागू पडतो, असे माझे मत आहे.

आणखी एक. मांगा चालू असतानाच, एप्रिल २०१० मध्ये, जपानने खुनाच्या खटल्यासाठी असलेली कालमर्यादा रद्द केली. त्याआधी ती पंचवीस वर्षे होती. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा लपून राहिल्यास सुटकेची एक दूरची तारीख तरी अस्तित्वात होती. मालिका संपेपर्यंत ती तारीखही उरली नाही.

उत्तरा

रानजाई, पहिल्या प्रसंगाबाबत आपले म्हणणे मी स्वीकारते. तो प्रसंग मला भीषण वाटला होता आणि भीषण असायलाच हवा असे मी धरून चालले होते. पण भीषणता खुनात आहे, त्याआधीच्या विस्तारात नाही, हे आपण लिहिल्यावर उमगले. मिकाविषयी मात्र थोडे वेगळे वाटते. चित्रपटात ती क्षणभरच दिसते म्हणूनच ती मला विसरता आली नाही.

शाईपेन

अनुवादिनी यांनी सांगितलेला कालमर्यादेचा तपशील मला ठाऊक नव्हता, आणि त्याने माझे वाचन बदलले. ऋण फिटत नाही हे मी केवळ दोघींच्या नात्याविषयी म्हणत होते. कायद्यानेही त्याच काळात तेच म्हटले होते.

उत्तराताईंच्या मुद्द्याला उत्तर द्यायचे तर मला अडखळावे लागते. बूट आणि शिक्षणाचा खर्च यांमुळे चित्रपटातली नानाए अधिक कळते, हे खरे. पण ती स्वतःहून जवळ आली असे आपण म्हणता, तेव्हा मला विचारावेसे वाटते की जिच्यामुळे समोरची स्त्री आता तुरुंगात जाणार आहे, तिचे ‘स्वतःहून’ कितपत स्वतःचे असू शकते? तिला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता आले असते, असा एकही क्षण मला चित्रपटात सापडत नाही. मांगेत असे क्षण आहेत. ती ‘नाही’ म्हणते, कडवटपणे म्हणते, पुन्हा म्हणते, आणि दुसरी ते ऐकूनही तिच्याजवळ थांबते. मांगेचा शेवट इथे सांगत नाही, कारण काहींनी ती अजून वाचलेली नसेल. ज्यांनी वाचली आहे त्यांनी नवऱ्याचा आणि खुनाचा उल्लेख नसलेली पाने पुन्हा काढून पाहावीत, जिथे दोघी नुसत्या खायचे काय आणि झोपायचे कुठे यावरून वाद घालतात. मला तरी त्या दोघींचे प्रेम तिथेच दिसले.