एक इंजिन गेलं तरी उडायला हवं ना? मग जुनी विमानं का पडतात?

पक्षिराज_७७:
प्रिटोरियाच्या वंडरबूम विमानतळावरून १० जुलै २०१८ ला उडालेल्या कॉन्व्हेअर ३४० ची केबिनमधून काढलेली चित्रफीत पुन्हा पाहिली. खिडकीबाहेर डावं इंजिन पेटलंय, आतून प्रवासी ते टिपताहेत आणि काही मिनिटांत विमान एका कारखान्याच्या इमारतीवर आदळतं. नेदरलँड्समध्ये २५ सप्टेंबर १९९६ ला टेक्सेल बेटावरून निघालेल्या डीसी-३ चंही तसंच. डावं इंजिन बंद, विमान वाडन समुद्रात, ३२ पैकी एकही वाचला नाही. इतकं जुनं इंजिन दगा देणार, हे कळतं. पण दुसरं इंजिन असताना विमान खाली का येतं? एका इंजिनावर उडता येतं हे दाखवल्याशिवाय प्रवासी नेण्याची परवानगी मिळत नसावी ना?

गव्हर्नर:
बंद इंजिनाने विमान पडत नाही, त्याच्यापुढे फिरत राहिलेल्या पंख्याने पडतं.

ताकद गेली म्हणून प्रोपेलर थांबत नाही. समोरची हवा त्याला पवनचक्कीसारखा फिरवते आणि मागचं चौदा सिलिंडरांचं धूड फिरवायचा खर्च विमानाच्या वेगातून वसूल होतो. त्यात गव्हर्नरला, म्हणजे पंख्याचे फेरे ठराविक ठेवणाऱ्या यंत्रणेला, इंजिन मेलंय हे ठाऊक नसतं. आरपीएम (मिनिटाला फेरे) टिकवायला तो पाती आणखी चपटी करतो आणि अडथळा वाढतो. म्हणून फेदर करायचं, म्हणजे पाती सुमारे ८८ अंशांवर वळवायची, हवेला फक्त त्यांची धार लागेल अशी. मग पंखा थांबतो. एका इंजिनावर उडण्याचे आकडे धरलेले असतात ते पंखा फेदर, चाकं वर आणि वजन मर्यादेत या हिशोबाने. यातलं एक चुकलं तर जेमतेम निभावतं, दोन चुकली तर नाही.

डीसी-३ च्या हायड्रोमॅटिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर पाती वळवणाऱ्या, प्रोपेलरवर हे कसं होतं ते सांगतो, कारण घोटाळा तिथेच होतो. फेदरचं बटण दाबलं की विजेवर चालणारा वेगळा पंप सुरू होतो. तो ऑइल उचलतो टाकीच्या अगदी तळातून. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड टाकीत थोडं वर असतं, त्यामुळे गळतीने इंजिन कोरडं पडलं तरी तळाचा साठा फेदरसाठी उरतो. हे ऑइल पंख्याच्या घुमटातला पिस्टन ढकलतं आणि कॅम नावाच्या खाचदार भागातून पाती वळतात. ती पूर्ण वळली की दाब चढतो, दाबाचा स्विच पंप बंद करतो आणि बटण टुणकन बाहेर येतं. ते आत अडकलं तर पंप चालूच राहतो, दाब आणखी चढून झडप सरकते आणि पाती उलट फिरून पुन्हा पवनचक्की! म्हणून दाबल्यावर बटणावरून नजर हटवायची नाही. बाहेर आलं नाही तर हाताने ओढायचं.

आता यलोनाइफ, कॅनडा, १९ ऑगस्ट २०१३, बफेलो एअरवेजचं डीसी-३. उड्डाण घेताना उजव्या इंजिनाचा एक नंबरचा सिलिंडर फुटला, कारण त्यात धातूच्या थकव्याची तडा आधीपासून होती. आग लागली. बटण दाबलं, पण फेदर अर्धवट राहिलं. चौकशीचा निष्कर्ष असा की फेदर पंपाचं बेअरिंग बहुधा जाम झालं होतं. निघण्याआधी वजनाचा नेमका हिशोब केलेला नव्हता आणि विमान कमाल मर्यादेपेक्षा जड होतं. वरचे दोन घटक एकदम हुकले. उंची टिकेना, धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकलं. २४ जण होते, कुणाला इजा नाही.

वाडन समुद्रातही तेच. डावा प्रोपेलर पूर्ण फेदर झाला नाही, वेग उतरत गेला आणि ताबा सुटला. वेग एका मर्यादेखाली गेला की चालू इंजिनाची ओढ सुकाणूला आवरत नाही, विमान बंद इंजिनाकडे वळत वळत कलंडतं. अशा वेळी चालू इंजिनाची ताकद वाढवली तर ते आणखी लवकर कलंडतं.

पक्षिराज_७७:
हे पटलं. पण वंडरबूमला तर ज्वाळा दिसत होत्या. इंजिन बंद करायला इतका वेळ का लागावा?

गव्हर्नर:
तिथे वेळ लागला असं नाही, ते शेवटपर्यंत रीतसर बंद केलंच गेलं नाही. ज्वाळा प्रवाशांना दिसत होत्या. पुढे बसलेल्यांना कोणतं इंजिन आणि नक्की काय, हे ठरवता आलं नाही. आगीने एलेरॉनला, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपेला, इजा झाली, मग विजेच्या तारा, मग इमारत. दक्षिण आफ्रिकेच्या अहवालात चालक दलाच्या प्रशिक्षणावर आणि देखभाल करणाऱ्यांवरही ठपका आहे, आणि सिलिंडर-पिस्टनची इजा जुनीच होती असंही म्हटलंय.

तरी त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. पिस्टन इंजिन मेलंय हे काटे पटकन सांगत नाहीत. गव्हर्नरमुळे आरपीएम जागेवर, आणि पंख्यामुळे इंजिन फिरतंच आहे म्हणून मॅनिफोल्डचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा) दाबही जवळपास तोच. सिलिंडरचं तापमान उतरतं, पण सावकाश. म्हणून पायावरून ओळखायचं. नाक सरळ ठेवताना जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. मग त्याचा थ्रॉटल हळूच मागे घेऊन पाहायचं. काहीच फरक पडला नाही तर तेच. त्यानंतर इंधन-हवेचं मिश्रण बंद आणि फेदर, ज्या त्या विमानाच्या कार्डावरच्या क्रमाने. आग असेल तर त्यापुढे इंधन-ऑइलच्या झडपा आणि शेवटी विझवणारी बाटली. ऑइल आधी तोडून मग फेदर करायला गेलात तर पंपाला ऑइल मिळायची पंचाईत होऊ शकते. हे सगळं जमिनीपासून दोन-तीनशे फुटांवर. सराव नसेल तर हात चुकीच्या दांड्यावर जातो.

तेलकट_हात:
फेदरवर बरंच लिहून झालंय, मी सिलिंडरकडे येतो. ताऱ्यासारख्या मांडणीच्या इंजिनात खालचे सिलिंडर उलटे टांगलेले असतात. विमान उभं राहिलं की ऑइल पाझरून तिथे साचतं. ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन भिंतीवर आदळल्यासारखा अडतो आणि कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. इंजिन त्या दिवशी गुपचूप चालतं. पुढे कधीतरी, बहुधा पूर्ण ताकदीवर, तो रॉड तुटतो आणि कागदावर लिहिलं जातं, 'उड्डाणात अचानक बिघाड'. अचानक कसला!

म्हणून सुरू करण्याआधी मॅग्नेटो (ठिणगीची वीज देणारी यंत्रं) बंद आहेत याची खात्री करून पंखा हाताने फिरवायचा. डीसी-३ ला दहा-पंधरा पाती समोरून जाईपर्यंत. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, आणि मागेही फिरवायचा नाही. मागे फिरवलं की ऑइल इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, नळीत ढकललं जातं, हाताला मोकळं वाटतं, आणि इंजिन सुरू झालं की तेच ऑइल परत सिलिंडरमध्ये. खालच्या सिलिंडरांचे प्लग काढा, ऑइल वाहू द्या, पुन्हा फिरवा. अर्धा तास जातो, जाऊ दे.

ऑइलची जाळी काढली की त्यातला कचरा पांढऱ्या कापडावर पसरून लोहचुंबक फिरवावा. चिकटेल ते पोलाद, म्हणजे बेअरिंग, गिअर किंवा रिंग. न चिकटणारी चंदेरी चमक बहुधा ॲल्युमिनियमची, पिस्टनकडे बघा. पिवळसर असेल तर बुश, म्हणजे फिरत्या भागांमधली कांस्याची कडी. दोन-चार कण सापडणारच. मागच्या वेळेपेक्षा वाढलेत का, ते वहीवरून कळतं. वही नसेल तर चुंबकाचा उपयोग अर्धाच.

उड्डाणाआधीची फेदरची चाचणी म्हणजे बटण दाबायचं, आरपीएम पडताना दिसला की लगेच ओढायचं. यातून पंप सुरू होतो एवढंच कळतं. पूर्ण दाबाविरुद्ध शेवटपर्यंत टिकेल का, ते नाही. यलोनाइफसारखं बेअरिंग या चाचणीतून सुटू शकतं.

आल्प्सप्रेमी:
सगळं इंजिनावर ढकलू नका. ४ ऑगस्ट २०१८ ला स्वित्झर्लंडमध्ये पिझ सेग्नासजवळ जु-एअरचं युंकर्स ५२ पडलं, २० जण गेले. १९३९ चं विमान, म्हणून पहिल्या दिवशी सगळे 'म्हातारं यंत्र' म्हणून मोकळे झाले. अंतिम अहवालाने वैमानिकांवर बोट ठेवलं. अरुंद दरीत खालून प्रवेश, माघारी वळायला जागा न ठेवता, त्या वाटेसाठी धोकादायक कमी वेगाने. त्यात भारकेंद्र मागच्या मर्यादेपलीकडे. देखभालीतले दोष आणि गंज सापडले, पण विमान पडलं ते त्यामुळे नव्हे.

जुन्या_यादीवाला:
जुन्या प्रोपेलर विमानांच्या अपघातांच्या याद्यांत ११ एप्रिल १९५५ चं 'काश्मीर प्रिन्सेस' हे एअर इंडियाचं कॉन्स्टेलेशन विमानही घुसडलेलं दिसतं. तो अपघात नव्हेच, हाँगकाँगला ठेवलेला बॉम्ब होता. तिघे वाचले, त्यांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक. कॉन्स्टेलेशनच्या दोषांच्या यादीतून ते काढा.

पक्षिराज_७७:
काढतो. शेवटचा प्रश्न, फेदर झालंच नाही तर पुढे काय?

गव्हर्नर:
१६ ऑक्टोबर १९५६, होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं पॅन अ‍ॅमचं चार इंजिनांचं स्ट्रॅटोक्रूझर. एक नंबरचा प्रोपेलर बेफाम फिरायला लागला, फेदर होईना. ऑइल तोडून इंजिन मुद्दाम जाम केलं, तर प्रोपेलर त्यापासून सुटून नुसता फिरतच राहिला. पुढे चार नंबरचंही इंजिन गेलं. त्या अडथळ्याने इंधन इतकं खाल्लं की किनारा गाठणं शक्य नव्हतं. रात्रभर पॉन्चारट्रेन या तटरक्षक जहाजाभोवती घिरट्या घातल्या, वजन उतरवलं, शेपूट तुटू शकतं म्हणून मागच्या प्रवाशांना पुढे बसवलं आणि उजाडल्यावर पाण्यात उतरवलं. शेपूट खरंच तुटलं. ३१ पैकी ३१ वाचले. त्यांच्याकडे उंची होती आणि वेळ होता. वंडरबूमला यातलं काहीच नव्हतं.