जुनी वेस्टर्न कॉमिक्स: इतिहास बरा असलेलं काय घ्यावं?

पाटीपेन्सिल: बजेट २००० रुपये, त्यावर नाही. नुसता ढिश्क्यांव नकोय. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा इतिहास बऱ्यापैकी प्रामाणिक असलेलं एखादंच जुनं कॉमिक सुचवा. इंग्रजी चालेल.

रद्दीसम्राट: ब्लूबेरी, फ्रेंच वेस्टर्न मालिका. विषय संपला. पहिलीच कथा, 'फोर्ट नावाहो', अपाचींचा प्रमुख कोचीस आणि अमेरिकी लष्करी अधिकारी बास्कम यांच्यातल्या संघर्षाच्या खऱ्या प्रकरणावर बेतलेली आहे. जुने इंग्रजी अल्बम छपाईबाहेर गेलेत, संच महाग पडेल. तरी घ्याच.

खवचटखान: बजेट वाचलंत का? शिवाय बास्कम प्रकरण १८६१च्या फेब्रुवारीतलं, यादवी युद्धाच्या आधीचं. ब्लूबेरीचा लेखक शार्लिएने ते युद्धानंतर नेऊन बसवलं आणि लेफ्टनंट बास्कमचा मेजर केला.

गावठीकाउबॉय: लकी ल्यूक मालिका! सिनेबुक प्रकाशनाचे इंग्रजी अल्बम सुटे मिळतात. त्यातले डाल्टन बंधू खरेच होते: ५ ऑक्टोबर १८९२ला कॅन्ससमधल्या कॉफीव्हिलला दोन बँका एकदम लुटायला गेले, टोळीतले चौघे मेले, एमेट तेवढा वाचला. लकी ल्यूकचा चित्रकार मॉरिसनेही त्यांना मारून टाकलं, म्हणून पुढे चुलतभाऊ आणावे लागले.

रद्दीसम्राट: तो विनोद झाला, इतिहास नव्हे.

निवांत: ब्लूबेरी +१

शाईवाली: जॅक जॅक्सनचं 'कोमांची मून' (१९७९), वापरलेली प्रत शोधा. सिंथिया अ‍ॅन पार्कर या गोऱ्या मुलीला कोमांची जमातीने १८३६मध्ये पळवून नेलं तिथपासून तिचा मुलगा क्वाना १८७५मध्ये फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर शरण येतो, त्याच्याही पुढपर्यंत.
दुसरं काही घेणार असाल तर आधी नमुना पानं बघा. अ‍ॅरिझोनातल्या अपाचीच्या डोक्यावर पाठीवर रुळणारा पिसांचा मुकुट असेल तर चित्रकाराचा अभ्यास सिनेमापुरता. तो मुकुट मैदानी जमातींचा. टोटेम खांब (कोरीव लाकडी खांब) वायव्य किनाऱ्यावरचे, वाळवंटात दिसले तर पुस्तक खाली ठेवा. १८६५च्या गोष्टीत कोल्ट पीसमेकर? ते पिस्तूल १८७३चं.

खवचटखान: मुकुटाचं हेच लिहिणार होतो. अवांतर: हक्क संपलेली पन्नासच्या दशकातली बरीच वेस्टर्न डिजिटल कॉमिक म्युझियम या संकेतस्थळावर फुकट आहेत, कायदेशीर.

पाटीपेन्सिल: सर्वांचे आभार. किड कोल्ट या वेस्टर्न कॉमिकचा पन्नासच्या दशकातला मूळ अंक १८००ला मिळतोय, मधली पानं पिनेतून सुटलीत. मुखपृष्ठ झकास आहे, तोच घेतोय.

शाईवाली: त्यात इतिहास औषधालाही नाही! असो. सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. नवी पिनही मारू नका. मायलरच्या (पॉलिस्टर प्लास्टिकच्या) पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून उभा ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेल बदलत राहा, नाहीतर जुन्या पिना गंजून डाग पडतात.

रद्दीसम्राट: १८००त ब्लूबेरीचा एखादा सुटा अल्बम आला असता.