नाखूश वकील आणि ट्यूडरकालीन खून: त्याने तपासात का पडावे?

प्रश्न

मी १५५५ च्या लंडनमध्ये घडणारी रहस्यकथा लिहीत आहे. एका व्यापाऱ्याचा खून होतो, आळ त्याच्या नोकरावर येतो आणि जमिनीचे दावे चालवण्यात हयात घालवलेल्या ग्रेज इन या लंडनमधील वकिलांच्या संस्थेतील एका वकिलाच्या गळ्यात हा तपास पडतो. अडचण अशी की त्याची नाखुशी वरवरची वाटते. सुरुवातीला तो नकार देतो, नोकराची बहीण गळ घालते, तो तयार होतो आणि त्यानंतर सराईत गुप्तहेरासारखा वागू लागतो. ही नाखुशी शेवटपर्यंत खरी वाटावी, यासाठी काय करता येईल?

प्रतिसाद १

आपल्या वकिलाच्या नाखुशीचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्या काळच्या कायद्यात शोधावे, असे मला मनापासून वाटते. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये खुनाच्या आरोपीला वकील देण्याची मुभा नव्हती; एखादा निव्वळ कायद्याचा मुद्दा उपस्थित झाला तरच वकिलाला बोलता येई. साक्षीदारांची उलटतपासणी आरोपीने स्वतःच करायची, आरोपपत्राची प्रत त्याला मिळायची नाही आणि आपल्यावर नेमका काय आरोप आहे, हे त्याला बहुधा न्यायालयात उभे राहिल्यावरच कळायचे. ही स्थिती १७३० च्या दशकापासून हळूहळू बदलली आणि वकिलाकरवी संपूर्ण बचाव करण्याचा हक्क तर १८३६ मध्ये मिळाला. म्हणजे ज्या जागी आपल्या नायकाचे कसब चालते, नेमक्या त्याच जागी त्याला तोंड उघडता येत नाही. जे काही करायचे ते खटला उभा राहण्यापूर्वी करायचे, पुरावा शोधायचा आणि बोलायला मात्र त्या घाबरलेल्या नोकराला शिकवायचे. अशा कामाला कोणता शहाणा वकील खुशीने हात घालेल?

शिवाय मालकाचा खून करणाऱ्या नोकराचा गुन्हा १३५१ च्या कायद्यानुसार साधा खून ठरत नसे; तो राजद्रोहाचाच धाकटा प्रकार मानला जाई. अशा माणसाच्या बाजूने धावपळ करणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील, हे कथेत सतत जाणवले पाहिजे.

प्रतिसाद २

वरील मुद्दा योग्य आहे, परंतु केवळ कायद्याने नाखुशी टिकणार नाही. आपण निवडलेले वर्षच आपल्याला याहून मोठे कारण देते. कॅथलिक पंथाच्या मेरी राणीच्या राजवटीत फेब्रुवारी १५५५ पासून प्रॉटेस्टंटांना पाखंडाच्या आरोपाखाली जिवंत जाळण्यास सुरुवात झाली आणि १५५८ पर्यंत सुमारे २८० जणांचा असा अंत झाला. लंडनमध्ये त्यांच्या प्रार्थनासभा चोरून भरत. आता असा विचार करा: खुनाच्या रात्री तो नोकर अशाच एका सभेत होता आणि तेथील दहा-बारा माणसे तशी साक्ष देऊ शकतात. ती साक्ष त्याला फाशीपासून वाचवील, पण त्याला आणि साक्ष देणाऱ्यांनाही चितेकडे नेईल. वकिलाला सत्य सापडते आणि ते वापरता येत नाही. मग त्याला प्रत्येक नवे दार ठोठावताना भीती वाटेल, कारण आतून काय बाहेर येईल, याचा त्याला नेम नसेल.

नोकराच्या बहिणीने गळ घालण्याचा प्रसंग मी तरी काढून टाकेन. ती काही बोलत नाही, कारण तीही त्या सभेत होती, हे अधिक परिणामकारक होईल.

प्रतिसाद ३

तपासाच्या पद्धतीविषयी थोडेसे. तेव्हा पोलीसदल नव्हते. लंडनचे महानगर पोलीसदल १८२९ चे. संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, ज्यूरीसह प्रेत प्रत्यक्ष पाही आणि जखमेची लांबी, रुंदी, खोली इंचांत लिहून घेतली जाई. मृत्यूस कारण ठरलेली वस्तू राजाकडे जमा होत असल्याने तिची किंमतही नोंदवली जाई. हे दप्तर लॅटिनमध्ये असे. जमिनीचे जुने दस्तऐवज वाचण्यात मुरलेल्या माणसाला येथे गुप्तहेर होण्याची गरजच नाही. जखम सहा इंच खोल आणि जप्त केलेल्या चाकूचे पाते चार इंचांचे, ही विसंगती त्याला दस्तऐवज वाचण्याच्या सवयीनेच खटकेल. त्याने आपल्या धंद्याची चौकट सोडू नये, मग तो सराईत गुप्तहेर वाटणार नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पात्याची विसंगती आणि न वापरता येणारी साक्ष एकत्र आणली, तर नोकराची सुटका केवळ कागदावर अवलंबून राहील आणि प्रार्थनासभेचा उल्लेखही करावा लागणार नाही, असे दिसते. त्यासाठी कथेतील कागदपत्रांवरील तारखा कशा लिहाव्यात?

प्रतिसाद ३

त्या काळी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १५५५ म्हणतो, तो त्यांच्या लेखी फेब्रुवारी १५५४ असे. न्यायालयीन कागदांवर तर राजवटीचे वर्ष घालण्याची रीत होती. त्या महिन्यासाठी ‘फिलिप आणि मेरी यांचे पहिले व दुसरे वर्ष’ असे लिहावे; फिलिप हा मेरीचा नवरा, त्याचे पहिले आणि तिचे दुसरे वर्ष.