चौथी गोळी शोधणाऱ्यांनी ते दहा दिवस कधी बघायचे?

आयर्विनपूल
आमराईत सकाळचं फिरणं झालं की आम्हा सात-आठ जणांचा कट्टा बसतो. महिनाभर एकच विषय चाललाय : गांधीजींना गोळ्या तीन लागल्या की चार, म्हणजे नथुरामशिवाय दुसरा कुणी गोळी झाडणारा होता का. एकजण मोबाइलवर जुना फोटो ताणून शालीवरचे डाग मोजतो, दुसऱ्यानं त्या वेळच्या वर्तमानपत्रांची कात्रणं जमवलीत. नथुरामच्या बेरेट्टा पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या मावतात, मग उरल्या किती, याचा हिशेब पैशापैशाचा. (चहाचं बिल मात्र तीन दिवस थकलंय.)

शंका घ्यायला माझी ना नाही. पण हे चुकीचं दार ठोठावणं चाललंय. हा मुद्दा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलाय. मुंबईच्या एका संशोधकाची याचिका होती. न्यायालयानं ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र (कोर्टाला मदत करणारा वकील) नेमलं, त्यांनी जुनी कागदपत्रं तपासून फेरतपासाला आधार नाही असं कळवलं, आणि मार्च २०१८ मध्ये याचिका निकालात निघाली.

खरं भोक दुसरीकडं आहे. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसमध्ये प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला. कटातला मदनलाल पाहवा जागीच सापडला. साथीदारांत एका मराठी वर्तमानपत्राचा संपादक आहे, हे त्याच्या तोंडून बाहेर आलं होतं. मुंबई प्रांतातल्या वर्तमानपत्रांची यादी सरकारदरबारी होती, त्यात 'हिंदू राष्ट्र'चे संपादक म्हणून नथुराम गोडसे आणि मालक म्हणून नारायण आपटे ही नावं. यादी उघडायला किती वेळ लागतो? त्या वेळी दिल्लीत असलेले पुण्याच्या सीआयडीचे डीआयजी राणा मदनलालच्या जबाबाची प्रत घेऊन निघाले ते रेल्वेनं, अलाहाबादवरून लांबच्या वळशानं. मुंबईत पोलीस उपायुक्त नगरवाला साहेब गांधीजींच्या अपहरणाचा कट आहे असं धरून त्यामागं लागलेले. ३० तारखेला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास संपलं सगळं.

हे मी म्हणत नाही, खुनाच्या कटाची पुढं सरकारनं चौकशी लावली त्या कपूर आयोगाच्या अहवालात आहे. सरकारी कागदातच सरकारची एवढी लक्तरं टांगलीत आणि आपण शालीवरचे डाग मोजतोय.

तासगावचा_बेदाणा
दादा, कोर्टानं फेटाळलं म्हणजे प्रश्न मेला का? आमच्याकडं कुणी विहिरीत पडून गेला तरी पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय बॉडी ताब्यात देत नाहीत. इथं देशाचा बापू गेला आणि पूर्ण शवविच्छेदन झालंच नाही, नुसती वरून तपासणी. मग लोक मोजणारच की. तुम्ही सोय करून ठेवली नाही आणि आता मोजणाऱ्यालाच हसताय.

कोर्टगल्ली
बेदाणाभाऊ, शवविच्छेदनाचं खरं आहे, तो मुद्दा तुमचा. पण डॉक्टरांनी जखमा नोंदवल्यात : गोळी आत शिरल्याच्या तीन, बाहेर पडल्याच्या दोन. जखमा आणि गोळ्या एकच धरल्या की आकडा कुठंही जातो. तुघलक रोड ठाण्यातली फिर्याद प्रत्यक्ष हजर असलेल्या नंदलाल मेहतांची, तिच्यातही तीनच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : नथुराम अपिलात गेला तो कटाच्या आरोपाविरुद्ध. खुनाच्या शिक्षेला त्यानं आव्हानच दिलं नाही. सिमल्याला स्वतः उभा राहून युक्तिवाद केला. दुसरा कुणी गोळी झाडणारा असता तर सांगायची याहून मोठी संधी कुठली?

तासगावचा_बेदाणा
वकीलताई, इथं सापडलात. नथुराम म्हणत होता, मी एकट्यानं केलं, कट नव्हताच. कोर्टानं ते मानलं का? नाही. कट धरला, आपटेलाही फाशी दिली. म्हणजे कटाबद्दल तो खोटं बोलतो आणि गोळ्यांबद्दल मात्र खरं? सगळं स्वतःच्या नावावर घ्यायचं होतं त्याला. असा माणूस दुसऱ्याचं नाव कशाला सांगेल?

कोर्टगल्ली
बरोबर. त्याच्या गप्प बसण्यावर मी जास्त भार टाकला, मागं घेते. फिर्याद आणि जखमा मात्र तशाच उभ्या आहेत. आणि दुसरा गोळी झाडणारा होता म्हणायचं तर एवढ्या गर्दीत तो दिसलेला एक तरी साक्षीदार आणा. नुसतं 'असू शकतं' कोर्टात चालत नाही.

मिरज_जंक्शन
त्या याचिकेत ब्रिटिशांच्या 'फोर्स १३६' या महायुद्धातल्या गुप्त पथकाचंही नाव होतं. महायुद्ध संपल्यावर ती गुंडाळली गेली. गुंडाळलेल्या सतरंजीवर पंगत बसवायची म्हणजे कमालच.

बाकी राणा साहेबांच्या गाडीबद्दल वाचून रेल्वेवाला म्हणून मान खाली गेली. अलाहाबादवरून? अरारा.

वाईचा_नातू
मी एरवी इथं फक्त वाचतो. आज लिहितोय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या वरच्या अंगाला. गांधीजींच्या खुनानंतर ब्राह्मणांची घरं जाळली, त्यात फेब्रुवारी ४८ मध्ये आमचंही जळालं. आजोबा शाळामास्तर, राजकारणाशी संबंध शून्य, आडनाव तेवढं ब्राह्मणाचं. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे वाईला आले. पुढं सरकारनं जळितासाठी कर्ज दिलं, ते फेडता फेडता वडलांचं कॉलेज राहिलं. घरात 'जळिताच्या आधी' आणि 'जळिताच्या नंतर' असंच बोलायचे. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला ते सगळ्यांना ठाऊक असतं. असल्या घरांची नावं कुठं येत नाहीत.

माझ्या काकांनी चौथ्या गोळीचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा मी बघत होतो. सत्तरीचा माणूस, डोळ्यांत पाणी. चौथी गोळी दुसऱ्याच कुणाची निघाली, तर आपलं घर चुकून जाळलं असं म्हणता येईल, एवढंच त्यांना हवं होतं. मी त्यांना म्हणालो, काका, गोळ्या तीन असोत नाहीतर तेरा, आजोबांचा काय गुन्हा होता? घर तसंही चुकीचंच जाळलं होतं. पटलं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी आणखी तीन व्हिडिओ पाठवले.

आपल्या भागात ही गोष्ट इतकी का चालते, हे डाग मोजून कळायचं नाही.

हरभटरोड
झालं! आला विषय जातीवर. खुनाबद्दल बोला की. जाळपोळ वाईटच, कोण नाही म्हणतंय? पण ज्याचा खून झाला त्याच्यापेक्षा जळालेल्या घरांवरच जास्त बोलायचं, हे मी लहानपणापासून ऐकतोय.

वाईचा_नातू
हरभटकाका, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आमच्या घरात गांधीजींबद्दल हळहळ फारशी ऐकली नाही, तेही खरंच. लिहिताना तेच खटकत होतं.

विश्रामबाग_७२
दोन्हीकडची मंडळी आपल्याला हवं ते पान फाडून घेतात. सावरकरांना १९४९ च्या निकालात निर्दोष सोडलं, कारण माफीचा साक्षीदार बडगे याच्या जबाबाला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही. एक गट तिथं पुस्तक मिटतो. दुसरा गट थेट कपूर आयोगाचा सावरकर आणि त्यांच्या गटावर बोट ठेवणारा परिच्छेद उघडतो, मधला खटला वाचतच नाही. आयर्विनदादा, तुम्हीही पोलिसांचीच पानं काढलीत हां. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ द्यायला खुद्द गांधीजींनी नकार दिला होता, ते तुमच्या लिहिण्यात कुठंय?

आयर्विनपूल
राहिलं, कबूल. पण झडती नको म्हटलं म्हणून यादी उघडायची नाही, असं थोडंच आहे? पुण्याहून ओळखणारा एखादा साधा हवालदार दिल्लीला आणून गर्दीत उभा केला असता तरी पुरे होतं. त्याला कुणाची झडती घ्यावी लागली नसती.

तासगावचा_बेदाणा
हे मात्र पटलं. आमच्या ग्रुपवर टाकतो. पण गोळीचं मी सोडलेलं नाही, सांगून ठेवतो.

मिरज_जंक्शन
कपूरचा अहवाल कुणाकडं आहे का पण? छापील. स्क्रीनवर वाचून डोळं गेलं.

आयर्विनपूल
दोन खंड होते माझ्याकडं. २०१९ च्या पुरात खालचा कप्पा गेला, त्यात दुसरा. पहिला माळ्यावर होता, वाचला. उद्या आमराईत आणतो. बेदाणाभाऊ, तुम्ही पण या, आणि येताना चहाचे पैसे आणा.