भेंडीत दाणेदार औषध टाकलं आणि गांडुळं मेली. परत येतील का?

निशा_कळवा
राहते कळव्याला, शेत मुरबाडकडे. भात निघाल्यावर वाटेकरी दादा भेंडी लावतात. यंदा सूत्रकृमीसाठी (मुळांना लागणारे बारीक किडे) त्यांनी सरीत कार्बोफ्युरानचे दाणे टाकले. पाणी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी गांडुळंच गांडुळं वर. पावसात येतात तशी नव्हे. वेटोळं करून पडलेली, अंग जागोजागी फुगलेलं, काडी लावली तरी हलेनात. बगळे ती टिपत होते, बघून जीव खालीवर झाला. गांडूळखतवाल्याकडून लाल गांडुळं आणून सोडू का?

बांधावरचा_शहापूर
ताई, आधी बगळ्यांचं बघा. कार्बोफ्युरान पक्ष्यांना फार विषारी. हातमोजे घालून मेलेली गांडुळं गोळा करा, खोल पुरा.

लाल गांडुळं आणू नका. ती शेणाच्या थरात राहणारी, शेताच्या मातीत टिकत नाहीत. आपली मातीत बिळं करणारी वेगळी, ती बांधाकडून सावकाश सरकत येतात. म्हणून बांधावर तणनाशकसुद्धा मारू नका. आपल्याकडे सगळा पाला राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला जातो. त्यातला थोडा राखा, पेंढ्यासोबत सरीत अंथरा. ओल आणि खाणं मिळेल तिथेच ती थांबतात.

दुकानदार आता इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक पुढे करेल, 'गांडुळं मरत नाहीत' म्हणेल. प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी 14 दिवसांची, तीही लाल गांडुळावर, आणि मुख्यतः मेली किती हेच बघते. पिल्लं किती झाली ते 56 दिवसांच्या चाचणीत कळतं. इमिडाक्लोप्रिडच्या थोड्या मात्रेतही गांडुळांचं खाणं आणि बिळं कोरणं मंदावतं. अशी जमीन घट्ट होत जाते, पाणी वरच साचतं.

घरात फोरेट हे जुनं दाणेदार कीटकनाशक पडून असेल तर तेही टाकू देऊ नका. 2020 अखेरपासून त्यावर बंदी आहे.

गच्चीवाली_ऐरोली
निशाताई, मुळं उपटून बघितली होती का? सूत्रकृमी असेल तर भेंडीच्या मुळांवर गाठी दिसतात. गाठी नसतील तर दाण्यांची गरजच नव्हती. असतील तर पुढच्या वेळी लागवडीआधी निंबोळी पेंड, आणि मधे झेंडू.

निशा_कळवा
कोणीच बघितली नव्हती! रविवारी दादांना घेऊन उपटते. गांडुळं परतली हे कळायचं कसं?

बांधावरचा_शहापूर
फूटभर चौकोन, कुदळीच्या पात्याएवढा खोल खणून मोजा, एकदा बांधाजवळ, एकदा मधोमध. पण भात निघाल्यावर, जमिनीत ओल असताना. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत ती खोल जाऊन बसतात, तेव्हा एकही दिसलं नाही तरी घाबरू नका.