तापवायच्या सिगारेटवर बंदी आहे का नाही? (मदत हवी आहे, अर्जंट)

राजारामपुरी_स्टोअर्स: धाकटा भाऊ म्हणतोय ही व्हेप (लिक्विडची ई-सिगारेट) नाही, हिच्यात खरी तंबाखू असते, नुसती तापते, जळत नाही, म्हणून बंदी लागू नाही. धूर नाही म्हणून घरातच ओढतो. आईला दमा आहे. रात्री घरात यावरनं विषय निघणार आहे. एका वाक्यात सांगा, बंदी आहे का नाही?

रंकाळा_वॉकर: लिक्विड भरायचं का कांडी खोचायची? सगळं सांगा की ओ, म्हणजे उत्तर देता येतंय.

राजारामपुरी_स्टोअर्स: कांडी. सिगारेटच्या निम्मी. ओढून झाल्यावरबी पांढरीच राहते, टोक तेवढं तपकिरी. आता सांगा.

निपाणी_रोड: भावाला पहाटे उठवून प्राणायाम करायला लावा, आपोआप सुटंल. आणि तंबाखूला शिव्या देताना शेतकऱ्याला विसरू नका. १९८१ ला निपाणीत तंबाखूच्या दरासाठी माणसं हायवेवर बसली होती.

कोर्टाची_पायरी: दादा, बंदी आहे. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याच्या व्याख्येतच तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणं घातलेली आहेत. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात, सगळं बंद. नुसतं ओढणाऱ्याला वेगळी शिक्षा त्यात लिहिलेली नाही. पण कांड्या येतात कुठून?

ओसाका_ते_कोल्हापूर: जपानात २०१४ पासून उघड विकतात. सिगारेटचं टोक ६०० अंशांच्या वर जळतं, ही ३५० च्या आसपास तापते. विष कमीच की. आपल्याकडं बिडी चालते आणि हीच नको?

सिस्टर_शाहूपुरी: काही घातक रसायनं कमी, एवढंच. रोग कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-तंबाखूवर नियंत्रण ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०२० मध्ये तशा एका यंत्राला 'घातक रसायनांशी संपर्क कमी' एवढंच म्हणायची मुभा दिली, 'धोका कमी' म्हणायची नाही. निकोटीन तेच, सवय तीच. वाफ खोलीत पसरते आणि ती दम्याच्या बाईनं का घ्यायची? आधी घरात ओढणं बंद करा. भावाला सोडायची असेल तर १८००-११-२३५६ वर फोन करू दे, मोफत आहे.

ओसाका_ते_कोल्हापूर: पण सिगारेट सुटत नसेल त्याला?

सिस्टर_शाहूपुरी: त्याला निकोटीनचं च्युइंगम आहे, औषधं आहेत, डॉक्टर आहेत. माझ्या वॉर्डात "ही कमी वाईट" म्हणत दोन्ही ओढणारी पोरं येतात.

महाद्वार_रोड: गुटखा २०१२ पासून बंद, तरी टपरीवर मिळतोय. त्याचं आधी बघा.

कोर्टाची_पायरी: दादा, माझा प्रश्न राहिला. कांड्या कुठनं येतात?

राजारामपुरी_स्टोअर्स: भावाच्या मित्राकडनं. त्याचा एक खोका आमच्या दुकानाच्या माळ्यावर आहे. आम्ही विकत नाही, नुसता ठेवलाय. त्याचा इथं काय संबंध?

कोर्टाची_पायरी: सगळा संबंध तिथंच आहे! जाणूनबुजून आपल्या जागेत साठा ठेवू देणं हाच गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मित्राचा माल म्हणून सुटका नाही.

राजारामपुरी_स्टोअर्स: मग आत्ताच रिक्षात घालून त्याच्या घरी टाकून येतो.

कोर्टाची_पायरी: नको! वाहतूकपण बंदीतच येते. खोक्याला हात लावू नका. ओळखीचा वकील गाठा आणि त्याच्या सल्ल्यानं पोलीस ठाण्यात लेखी कळवून माल जमा करा. बाकी बोलणं नंतर.

रंकाळा_वॉकर: वकील पाहिजे असेल तर मेसेज करा, बिंदू चौकाजवळ ओळखीचे आहेत.